रेडिएशन चालू असताना तुळस, हळद, गुळवेल यांचे अर्क द्यावेत का? (आईसाठी विचारतोय)

रंकाळ्याचा_वारा:
नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची. माहेर कागलकडचं, लग्नानंतर मंगळवार पेठेत. पोरगी असल्यापासून मिश्री लावायची, आम्ही किती सांगितलं तरी डबी काही सुटली नाही. गालाच्या आतल्या बाजूला चट्टा आला, बायोप्सीत कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि रिपोर्टमध्ये मानेच्या एका गाठीतपण निघालं म्हणून आता रेडिएशन सांगितलंय. ३० फ्रॅक्शन (म्हणजे ३० बैठका), रोज २ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप), म्हणजे ६० ग्रे, सोमवार ते शुक्रवार. किरण देताना डोकं-मान हलू नये म्हणून घालायचा मास्क बनवून झालाय, पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

आता अडचण अशी की घरात रोज पाहुणे येतायत आणि प्रत्येकजण एकेक बाटली ठेवून जातोय. तुळशीचा अर्क, गुळवेल सत्व, गव्हांकुर ज्यूस, हळदीच्या कॅप्सूल, नोनी. गडहिंग्लजच्या मामांनी तर सहा बाटल्यांचा सेट आणलाय, वर 'किरणोत्सर्गापासून शरीराचे संरक्षण' असं छापलंय, किंमत साडेआठ हजार. मामांना नाही म्हणायचं म्हणजे तुम्हाला माहितीच आहे.

डॉक्टरांना विचारलं तर ओपीडीत मागं पन्नास माणसं उभी, ते एवढंच म्हणाले की बाहेरचं काही देऊ नका. का नको ते काही कळलं नाही. मग रात्री बसून शोधलं तर तुळशीवर खरंच रिसर्च दिसतंय, उंदरांना रेडिएशन दिलं आणि तुळशीने वाचले वगैरे, आणि तेपण भारतातलंच. मग हे खोटं म्हणायचं की खरं? आणि खरं असेल तर हॉस्पिटलवाले का देत नाहीत? माझा धाकटा भाऊ म्हणतो ही सगळी औषध कंपन्यांची लॉबी आहे. मला भांडण नकोय, फक्त द्यायचं का नाही एवढं ठरवायचंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

आयुर्वेदप्रेमी_पेठकर:
दादा बिनधास्त द्या. तुम्ही जे वाचलंय ते खरंच आहे, मणिपालच्या मेडिकल कॉलेजात १९९०च्या दशकापासून तुळशीवर काम झालंय, त्यातले ओरिएंटिन आणि व्हायसेनिन हे घटक किरणांपासून वाचवतात हे त्यांनी दाखवलंय. मुंबईच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, त्रिफळ्यावर झालंय. दिल्लीत डीआरडीओची इन्मास म्हणून लॅब आहे, ते तर सैनिकांसाठी हिमालयातल्या वनस्पती तपासतायत. लडाखचं ते नारिंगी बोरासारखं फळ, सी बकथॉर्न, त्याच्यावर त्यांचे ढीगभर पेपर आहेत. आता हे सगळे सरकारी शास्त्रज्ञ येडे हायत काय? आपल्याच दारातली तुळस आणि आपल्यालाच विश्वास नाही. आपली आजी काढा देत होती तेव्हा कुणाला रिपोर्ट लागत नव्हता.

पानफुलं:
मी वनस्पतीशास्त्र करून पुढे फायटोकेमिस्ट्रीत काम केलंय, डॉक्टर नाही, हे आधी सांगते. पेठकरांनी जी नावं घेतली ती सगळी खरी आहेत, कुणी येडं नाही. पण ते पेपर पूर्ण वाचले तर त्यात नेमकं काय केलंय ते बघा, कारण सगळी गोम तिथंच आहे.

आधी किरण शरीरात काय करतात ते. आपल्या पेशीत बहुतेक पाणीच. क्ष-किरण किंवा गॅमा आत शिरले की पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे फ्री रॅडिकल तयार होतात, ते शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. एकूण नुकसानीतलं साधारण दोन तृतीयांश ह्या वाटेने होतं, उरलेलं किरण थेट डीएनएवर आदळून. आता वनस्पतीतले फ्लेव्होनॉइड, पॉलिफेनॉल वगैरे हे रॅडिकल शोषून घेऊ शकतात, टेस्ट ट्यूबमध्ये तर फारच छान शोषतात. म्हणून ही कल्पना मुळात खुळचट नाहीये. पण हे रॅडिकल जगतं किती, तर सेकंदाचा अब्जावा भाग वगैरे. म्हणजे वाचवणारी वस्तू त्या क्षणाला, त्या पेशीच्या आत, पुरेशा प्रमाणात आधीच हजर पाहिजे. संध्याकाळी घरी येऊन ग्लासभर ज्यूस प्यायला तर ते वरातीमागून घोडं.

म्हणूनच उंदरांच्या प्रयोगात अर्क आधी देतात. मणिपालच्या तुळशीच्या प्रयोगात पानांचा अर्क किलोमागे १० मिलिग्रॅम असा ५ दिवस थेट पोटात इंजेक्शनने दिला होता आणि मग किरण. चमच्याने पाजला नव्हता. आणि किरण कसे, तर सगळ्या अंगावर एकदम, इतके की एरवी निम्म्याहून जास्त उंदीर महिन्याभरात मरावेत. मग ३० दिवसांनी किती जिवंत ते मोजायचं. हा प्रयोग उत्तर देतो तो वेगळ्या प्रश्नाला, अणुभट्टीत अपघात झाला किंवा बॉम्ब पडला तर माणसं वाचवता येतील का. इन्मासला सैनिकांसाठी तेच पाहिजे. तुमच्या आईच्या बाबतीत सगळं अंग नाही तर गाल आणि मान, एकदम नाही तर सहा आठवडे थोडं थोडं, आणि मुख्य म्हणजे त्या उंदरांना कॅन्सर नव्हता.

हे शेवटचं नीट घ्या. अपघातात किरण शत्रू असतात. रेडिओथेरपीत किरण हेच औषध आहे, आणि ते काम करतं त्याच रॅडिकलच्या जोरावर. तुम्ही जे प्यायला द्याल ते रक्तातून चांगल्या पेशीकडे जाईल आणि ऑपरेशननंतर कुठं चुकार राहिलेल्या कॅन्सरच्या पेशीकडेपण जाईल. सरीत पाणी सोडलं की उसाला मिळतं आणि तणालापण मिळतं, पाणी काही विचारत नाही तू कोण. अर्कात ताकद नसेल तर पैसे वाया, आणि खरंच ताकद असेल तर ती कुणाला वाचवेल ह्याची खात्री नाही. मला विचाराल तर दुसरी शक्यता जास्त भीतीदायक आहे.

आणि इन्मासने ज्या वनस्पतींवर सगळ्यात जास्त काम केलं त्यातली एक म्हणजे पोडोफायलम, हिमालयातली. ती विषारी आहे. तिच्यातल्याच पोडोफायलोटॉक्सिनपासून इटोपोसाइड बनतं, जे केमोचं औषध आहे, पेशी मारायचं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं म्हणणाऱ्यांना मी हे एकच उदाहरण देते.

शिरोली_एनडीटी:
आमचा विषय जरा वेगळा पण रेडिएशनचाच, म्हणून लिहितोय. मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची कास्टिंग तपासतो, इरिडियम-१९२चा सोर्स असतो कॅमेऱ्यात, कास्टिंगच्या मागं फिल्म लावायची आणि आत ब्लो होल, क्रॅक काय आहे ते बघायचं. रोज किरणांशीच संसार. तर आमच्या पोरांना पण एकजण आवळा-गव्हांकुर विकायला यायचा, म्हणे ह्यानं रेडिएशन अंगाला लागत नाही. मी त्याला म्हणलं भावा, माझ्या छातीवर टीएलडी बॅज हाय, तो तीन-तीन महिन्याला जातो आणि किती डोस लागला ते कागदावर येतं, तुझा ज्यूस पिऊन तो आकडा खाली आला तर तुझ्या बाटल्या मी गाडीवर घालून विकतो. परत काय आला नाही.

आमच्याकडं वाचायचं तीनच गोष्टींनी, कमी वेळ थांब, लांब थांब, मधी शिसं नाहीतर काँक्रीट ठेव. अंतर दुप्पट केलं की डोस पाव होतो, एवढं भारी औषध कुठल्या झाडपाल्यात नाही. मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेला डोस मोजायचं माप), पाच वर्षांचा हिशोब धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही, हा एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम. आमचे आकडे त्याच्या लई खाली असतात, नियम पाळला तर.

आणि नाही पाळला तर काय होतं ते २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात गेलं, आत कोबाल्ट-६०, भंगारवाल्यांनी फोडलं, एक माणूस गेला आणि बाकीचे कितीजण भाजले. तिथं हळदीचा काय उपयोग होणार होता सांगा. आपल्याकडं भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या किती हायत बघा, म्हणून मी हे सगळ्यांना सांगत असतो.

काकूंना लवकर बरं वाटू दे.

लगा_मोबाईल:
मधीच विचारतो, मग मोबाईलच्या मागं लावायची ती शेणाची चिप आणि टॉवरच्या रेडिएशनला तुळशीची कुंडी खिडकीत ठेवतात ते??

शिरोली_एनडीटी:
मोबाईलच्या लहरी वेगळ्या, त्यांच्यात पाण्याचा रेणू किंवा डीएनए फोडायएवढी ताकदच नाही. कुंडी ठेव की, वास चांगला येतो. चिप घेऊ नको.

बावडेकरीण:
दादा, मी कसबा बावड्याची, आमच्या सासऱ्यांचं हेच झालं होतं, जिभेच्या कडेला. त्यामुळं जे बघितलंय ते सांगते, सायन्स वरच्या ताईंनी सांगितलंच आहे.

पहिले दोन आठवडे काही वाटत नाही. पेशंट पण म्हणतो मला काय झालेलं नाही आणि पाहुणे म्हणतात बघा आमच्या अर्काचा गुण. तिसऱ्या आठवड्यापासून खरी परीक्षा. तोंड आतून सोलतं, थुंकी चिकट दोरीसारखी होते, चव जाते, पाणीपण टोचतं. आमच्याकडं कांदा-लसूण मसाल्याशिवाय घास न उतरणारं घर, आणि सासऱ्यांना तर तांबड्या रश्श्याचा वासपण सहन होईना. त्यावेळी सगळ्या बाटल्या बाजूला राहतात आणि माणूस दिवसाला किती खातोय एवढाच प्रश्न उरतो. वजन उतरलं तर मास्क सैल होतो, सैल झाला की किरणांची जागा हलू शकते म्हणून परत स्कॅन, परत प्लॅन. आमचं तसं झालं. शेवटी नाकातून नळी घातली आणि मग वजन थांबलं. नळी म्हणजे आता संपलं असं घरातल्यांना वाटतं, तसं अजिबात नसतं, तोंड बरं झालं की काढतात.

चाललं काय ते सांगते. तांदळाची आणि नाचणीची पेज गार करून, मुगाच्या डाळीचं पाणी नाही तर घट्ट वरण मिक्सरला फिरवून, अंडं दुधात फेटून शिजवलेलं मऊ, केळं, गोकुळचं दूध आणि त्यात प्रोटीन पावडर, साय, तूप सढळ हातानं. लिंबू, चिंच, टोमॅटो, आणि कुठलाही आंबट ज्यूस बंद. आता बघा, आवळा आणि नोनी हे दोन्ही आंबट, सोललेल्या तोंडात ते घालणं म्हणजे छळच.

दुसरी गोष्ट, आमच्याकडं गुळवेल चालू होती, नणंदेनं सकाळ-संध्याकाळ काढा करून दिला होता. मधल्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारलं काय काय देताय, गुळवेल बंद केली, आकडे उतरले. तिच्यामुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयानं ते अमान्य केलं होतं हे पण सांगते, नाहीतर पेठकर रागावतील.

आयुर्वेदप्रेमी_पेठकर:
रागवत नाही ताई. पण माझा मुद्दा राहतोच. किरणांपासून वाचवणारं औषध असू शकत नाही असं तर नाही ना? मग अमेरिकेत अमिफॉस्टिन कसं चालतं? ते कंपनीचं म्हणून चालतं आणि तुळस फुकट म्हणून चालत नाही, असंच ना? आणि आता तर बीएआरसीची गोळीपण आलीय बाजारात. हळदीवर तर अमेरिकेतच माणसांवर ट्रायल झालंय आणि फायदा निघालाय, ते ताईंनी सांगितलं नाही.

पानफुलं:
पेठकर, प्रश्न चांगला विचारलात, म्हणून सविस्तर.

अमिफॉस्टिन अमेरिकन सैन्याच्या शीतयुद्धातल्या शोधमोहिमेतून आलं, चार हजारांहून जास्त रसायनं तपासली होती त्यातलं हे टिकलं. डोकं-मान रेडिएशननंतर तोंड कोरडं पडू नये म्हणून १९९९ साली तिथं त्याला परवानगी मिळाली. त्याची खासियत ही की ते शरीरात गेल्यावर एका एन्झाइमने उघडतं, आणि ते एन्झाइम निरोगी पेशींपाशी जास्त आणि गाठीपाशी कमी असतं. म्हणजे ऊस कुठला आणि तण कुठलं हे ओळखायची काहीतरी सोय त्यात आहे. तरीसुद्धा ते किरणांच्या आधी थोडाच वेळ शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, बीपी पडतं, आणि आज फार कमी ठिकाणी वापरतात. एवढी सोय, एवढा खर्च करून हे हाल. बाटलीवाल्याने ही सोय केलीय का ते त्याला विचारा.

हळद. तुम्ही म्हणताय ते ट्रायल मला माहितीय, २०१३ सालचं, अमेरिकेतल्या रोचेस्टरचं. स्तनाच्या कॅन्सरच्या ३० बायका, रोज ६ ग्रॅम करक्युमिन, त्वचा भाजायचं प्रमाण कमी दिसलं. सगळ्या जाहिरातीत हेच असतं. त्याच गटाने पुढे ६८६ पेशंट घेऊन तेच परत केलं, २०१८ साली छापलं, आणि फरक निघाला नाही. हे जाहिरातीत नसतं. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं, स्वतःचाच चांगला निकाल स्वतःच तपासून नाही म्हणून सांगितलं. फोडणीतली हळद खुशाल घाला, कॅप्सूलचा विषय वेगळा, मोठ्या डोसात ती दुसऱ्या औषधांच्या पचनात लुडबूड करू शकते आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपून.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॅनडातलं, क्यूबेकचं. डोकं-मान कॅन्सरचेच ५४० पेशंट, म्हणजे काकूंसारखेच, रेडिएशन चालू असताना आणि नंतरही व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट, सुरुवातीला बीटा कॅरोटीनपण, आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास खरंच कमी झाला. इथपर्यंत वाचलं तर वाटतं जिंकलो. पण त्याच गोळीवाल्या गटात रोग त्याच जागी परत यायचा कल जास्त दिसला, आणि गोळ्या चालू होत्या त्या काळात दुसरा नवीन कॅन्सर व्हायचं प्रमाणपण जास्त निघालं. २००५ साली छापलंय. त्रास कमी झाला, पण कुणाचा कमी झाला बघा. तुमच्या डॉक्टरांनी गर्दीत जे एका वाक्यात सांगितलं त्याच्या मागं हे आहे, लॉबी नाही.

झाडांचं काहीच टिकलं नाही असंही नाही. फ्रान्समध्ये २५४ बायकांवर कॅलेंड्युलाचं मलम तिथल्या नेहमीच्या मलमाशी तुलना करून बघितलं, २००४ साली, आणि त्वचेची जळजळ कमी झाली. पण ते वरून लावायचं, पोटात नाही, आणि ते झाड म्हणजे आपला दसऱ्याच्या तोरणातला झेंडू नव्हे, ते वेगळं. कुणी झेंडूचा लेप करून बसू नका.

गडहिंग्लजची_वैद्य:
मी बीएएमएस, प्रॅक्टिस गडहिंग्लजला. मामा आमच्याच गावचे निघाले म्हणून बोलायलाच पाहिजे.

आयुर्वेदाच्या नावावर जे सहा बाटल्यांचे सेट फिरतायत त्यांना कुठल्याच वैद्याने लिहून दिलेलं नसतं. संहितेत रेडिएशन नाही, असणारही नाही, त्यामुळे अमुक काढा किरणांपासून वाचवतो असं छापणारा आयुर्वेद सांगत नाही, माल विकतोय. मी स्वतः कॅन्सरचे पेशंट बघते, पण रेडिएशनच्या काळात माझा हात आखडता असतो. भस्म घातलेलं काहीही नाही. काढे नाहीत, अर्क नाहीत.

त्या काळात मी जे देते ते तोंडापुरतं, आणि तिकडच्या डॉक्टरांना सांगूनच. ज्येष्ठमधाचं पाणी कोमट करून तोंडात धरून थुंकायचं, गिळायचं नाही, गिळलं तर बीपी वाढू शकतं आणि पोटॅशियम खाली जाऊ शकतं. मध चाटवणं, हे तर आता तोंड येण्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतपण सुचवलंय, पण डायबेटीस असेल तर नको आणि नंतर चूळ भरायची कारण रेडिएशननंतर लाळ कमी, दात भराभर किडतात. साजूक तूप ओठांना. एवढंच. कोरफड लई जण लावतात, माणसांवरच्या अभ्यासात तिचा म्हणावा तसा फायदा दिसलेला नाही, गार वाटतं एवढं खरं.

सगळे सेशन संपून तोंड भरून आलं, तपासण्या झाल्या, की मग या माझ्याकडे. ताकद भरून काढायला त्यावेळी खूप काही करता येतं. मामांना माझं नाव सांगितलंत तरी चालेल, ते बहुतेक मला ओळखत असतील.

मशीनरूम:
रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, कुठे ते लिहीत नाही. आमच्या बाजूने चार गोष्टी, कारण पेशंटला रोज भेटणारे आम्हीच असतो.

ती बीएआरसीची गोळी, ॲक्टोसाइट, २०२४ साली आली, टाटा मेमोरियल आणि बीएआरसीच्या लोकांनी बेंगळुरूच्या कंपनीबरोबर केलेली. तिची जी शिफारस आहे ती ओटीपोटाच्या कॅन्सरला रेडिएशन दिल्यावर लघवीच्या पिशवीला सूज येऊन रक्त जातं त्यासाठी. गाल आणि मान ह्याच्याशी त्याचा संबंध नाही, मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलाय का? हे कुणीच विचारलं नाही वरती. किडका दात काढायचा असेल तर रेडिएशनच्या आधी काढून जखम भरू द्यायची असते. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येता सडायचा धोका असतो, आणि ते वर्षांनंतरपण होऊ शकतं. मिश्रीवाल्यांच्या हिरड्या आधीच खराब असतात. पुढच्या आठवड्यात सुरू होतंय म्हणता तर उद्याच फोन करून विचारा, दाताचं बघून झालंय का म्हणून.

मिश्री पूर्ण बंद, घरातले विडी-सिगारेटपण बंद. गाठीत ऑक्सिजन असेल तर किरणांचं काम नीट होतं, धूर घेणाऱ्याच्या रक्तात तो कमी पोचतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेपण डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. साडेआठ हजारांत काकूंना दीड-दोन महिने अंडी, दूध, प्रोटीन पावडर, सगळं बसतं.

चूळ: ग्लासभर कोमट पाण्यात थोडं मीठ आणि थोडा खायचा सोडा, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या. बाजारचा झोंबणारा माउथवॉश नको. बेंझिडामिनचा माउथवॉश डॉक्टर लिहून देतील तो घ्या. गालाला-मानेला हळदीचा लेप लावून आमच्याकडे येऊ नका, जाड थर असला की त्वचेवर डोस वाढतो आणि मास्क पण खराब होतो.

आणि कृपा करून लपवू नका. पेशंट आम्हाला सांगतात, सर रागावतील म्हणून सरांना सांगत नाहीत. आम्ही कुणी रागावत नाही.

आयुर्वेदप्रेमी_पेठकर:
क्यूबेकचं ते मी वाचलं नव्हतं, बघतो. तरी तुळशीवर माणसांवर मोठं ट्रायल व्हायला पाहिजे हे माझं म्हणणं कायम आहे, आणि ते सरकारने करावं.

पानफुलं:
ह्यात मी तुमच्याबरोबर आहे. गाठीचं काय होतं ते पण त्यात मोजायला लावा म्हणजे झालं.

रंकाळ्याचा_वारा:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आज ओपीडीत गेलो, ह्यावेळी सगळ्या बाटल्यांचे लेबलचे फोटो काढून नेले होते. डॉक्टरांनी एकेक बघितला. एका बाटलीत काय आहे तेच लिहिलेलं नव्हतं, नुसतं 'विशेष वनौषधी'. सगळं बंद सांगितलं, चहात तुळशीचं पान आणि जेवणात हळद चालेल म्हणाले. दाताचं खरंच राहिलं होतं, दोन दाढा काढायला लागणार आहेत, त्यामुळं रेडिएशन थोडं पुढं ढकललंय, जखम भरेपर्यंत.

वैद्यताई, मामांना तुमचं सांगितलं. ते म्हणाले त्या म्हणत असतील तर राहू दे. सेट परत घेतात का विचारलं तर विकणारा फोन उचलत नाही.

बावडेकरीण ताई, नाचणीची पेज गार करून म्हणजे ताक घालून का नुसती? आईला आतापासून सवय लावावी म्हणतोय.

बावडेकरीण:
आत्ता तोंड बरं आहे तोवर ताक घाला. तोंड आलं की ताक झोंबेल, मग दूध घालून पातळ करा, मीठ अगदी बेतानं. गाळून घ्या, नाचणीचा कोंडा घशाला लागतो. आणि दाढा काढल्या की पहिला दिवसभर गरम काही नको, गारच द्या.